गच्चीवरची टाकी आणि सात आंघोळी

आमच्या चामराजपेटच्या घरात पहाटे सगळ्यांच्या आधी हंडा उठायचा आणि त्याला उठवायचं काम माझं होतं. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. हंडा तांब्याचा, आत एक माणूस वाकून बसेल एवढा, न्हाणीघराच्या कोपऱ्यात विटा-चुन्यानं पक्का बसवलेला. न्हाणीघराला आम्ही बंगळूरची मराठी माणसं बच्चल म्हणतो. खाली चूल, चुलीचं तोंड आतल्या बाजूला, त्यामुळे धूर आधी माझ्या डोळ्यांत आणि मग सवड मिळाली तर खिडकीतून बाहेर. जाळायला नारळाच्या झावळ्या, करवंट्या, वखारीतला भुसा, आणि सासऱ्यांच्या शिंपीकामाच्या दुकानातून येणाऱ्या चिंध्या. सुती चिंधी निमूट जळते. कोटाच्या लोकरी कापडाची चिंधी जळताना केस जळल्यासारखी घाण सुटते. चार वाजता उठायचं, राख काढायची, हंडा भरायचा, फुंकणीनं फुंकत बसायचं. पाणी तापत आलं की हंडा गुणगुणायचा, एखादी म्हातारी दाराआड पुटपुटते तसा. तो आवाज आला की मी सासऱ्यांना हाक मारायची, "अण्णा, पाणी झालं." मग एकामागून एक सगळी न्हायची आणि शेवटी मी. माझ्या केसांना कायम चिंध्यांचा वास. बसमध्ये शेजारची बाई नाक मुरडून सरकायची. मी सरकायची नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही कन्नडमधून. मराठी अक्षरं आईनं घरी गिरवून घेतली. आता नात म्हणते, लिही, आठवेल ते लिही. ती कोरमंगलाला राहते, तिच्या नळाला वाटेल तेव्हा गरम पाणी येतं, म्हणून तिला हे सगळं गोष्टीसारखं वाटतं. मला नाही वाटत. मला त्या वेळी एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे सकाळी सहापर्यंत झोप. बाकी काही मोठं मागणं नव्हतं.

माझा नवरा गोविंद कारखान्यात कामाला होता. तिथल्या कँटीनच्या छपरावर सोलर बसवलं, ते बघून तो घरी आला तो थेट माझ्याकडे, चपला पायांतच. "उन्हानं पाणी तापतंय गं! जाळ नाही, करंट नाही!" मी म्हटलं, "मग रात्री?" तो म्हणाला, "तीच तर गंमत. तापलेलं पाणी टाकीत बसून राहतं. टाकीला आतून दुलई घातल्यासारखी असते. दुसऱ्या सकाळपर्यंत गरम." त्या रात्री आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखी कागदावर गच्ची काढून टाकी कुठं बसेल ते ठरवत होतो. अण्णांना विचारायचं कोणी, हा प्रश्न होता. मीच विचारलं. अण्णा कात्री थांबवून म्हणाले, "बसव. पैसे त्याचे, गच्ची माझी, आणि हंडाही माझा. हंड्याला हात लावायचा नाही."

बसवायला आलेला माणूस सावळा, गप्प, कामाचा होता. दक्षिणेकडे तोंड करून काचेच्या दोन काळ्या पेट्या तिरप्या ठेवल्या, त्यांच्यावर आडवी पांढरी टाकी, आणि तिच्याही वर उंच मचाणावर आमची नेहमीची थंड पाण्याची टाकी. त्यानं आम्हां सगळ्यांना समोर उभं करून समजावलं. थंड पाणी टाकीच्या तळातून आत येणार. तिथून पेट्यांत उतरणार, तापलं की आपोआप वर चढणार आणि टाकीत वरच्या बाजूला बसणार. घरातला नळ वरचं पाणी घेणार. जेवढं घ्याल तेवढं थंड खालून भरणार. पंप नाही, काही नाही, पाणी स्वतःच फिरतं.

"पाण्याला पाय फुटले काय?" अण्णा म्हणाले.

"फुटतात, यजमान. ऊन लागलं की फुटतात," तो म्हणाला. जाताना टाकीच्या बुडाचा एक कॉक दाखवला. वर्षातून एकदा हा उघडून टाकी धुऊन काढा. एवढं सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बच्चलमधला नवा नळ सोडला, हात खाली धरला आणि ओरडलेच. चटका! जाळाशिवाय चटका! सासूबाई धावत आल्या. त्यांना आम्ही अत्ते म्हणायचो. त्यांनी हात धरला, त्याही ओरडल्या, मग आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. त्या आठवड्यात मी घरात धुता येईल ते सगळं धुतलं. पडदे, सतरंज्या, तेलकट बरण्या, देव. अत्ते म्हणाल्या, "आता माणसं राहिली फक्त." पण अण्णा नव्या पाण्याला शिवले नाहीत. "उन्हात ठेवलेलं पाणी शिळं. मला हंड्याचं पाहिजे." म्हणजे माझं चारला उठणं चालूच. गच्चीवर गरम पाण्याची टाकी आणि खाली मी एका माणसासाठी फुंकणी फुंकतेय. सात-आठ दिवस सोसलं. मग जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं, "अण्णा, तुमच्या हट्टाला मी सरपण घालायची नाही."

घरात असं कोणी बोलायचं नाही. गोविंद ताटात बघत बसला. अण्णांनी सावकाश भात कालवला आणि म्हणाले, "सरी, ठरलं. दिवाळी आलीच आहे. शोभा आणि जावई पहिल्या सणाला येणार. चौदसला पहाटे सातच्या सात माणसं तुझ्या टाकीच्या पाण्यानं न्हातील. सातही कढत पाण्यानं न्हाली, तर त्याच दिवशी मी पहार घालून चूल फोडतो. एक जरी कुडकुडत बाहेर आलं, तर ते डबडं गच्चीवरून खाली, आणि तू उठायचंस चारला. मरेपर्यंत."

"तुम्ही मरेपर्यंत की मी?" मी विचारलं.

अत्तेंना ठसका लागला. अण्णा हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. त्यांचं हे एक बरं होतं, शब्द दिला की दिला. सातजण म्हणजे अण्णा, अत्ते, गोविंद, माझी चार वर्षांची मीना, नणंद शोभा, तिचा नवरा आणि मी. मला इतकी खात्री होती, की दुसऱ्या दिवशी मी उरलेलं सगळं सरपण, झावळ्यांपासून भुशाच्या पोत्यापर्यंत, समोरच्या निंगम्माच्या अंगणात नेऊन टाकलं. निंगम्मा म्हणाली, "अय्यो, अक्का, घर सोडून चाललात काय?" मी म्हटलं, "चूल सोडून चाललेय."

आता तो सण सांगायला हवा, कारण पुण्या-मुंबईकडच्या लोकांना तो माहीत नसतो. चौदसच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाणी भरायचा सण असतो, नीर तुंबो हब्ब. हंडा पूर्ण रिकामा करायचा, चिंच-राखेनं घासून लखलखीत करायचा, गळ्याला कारल्याचा वेल बांधायचा, चुना-कुंकवाची बोटं ओढायची आणि मग ताजं पाणी काठोकाठ भरून त्याची पूजा करायची. त्या पाण्यानं दुसऱ्या दिवशी तेलाची आंघोळ. जुन्या पाण्यावर नवं ओतलेलं चालत नाही. आमची माणसं इथं किती पिढ्या आहेत कोण जाणे, हा सण कानडी की मराठी ते मला माहीत नाही. अत्तेंच्या सासूनं केला, अत्तेंनी केला, मी केला.

त्या दिवशी ऊन कडक पडलं होतं, मन सकाळपासून नाचत होतं. शोभा आणि जावई दुपारी आले. घरात कोडबळ्यांचा घाणा चालू होता. तिखट कडी तेलात सोडली की खिडकीतून गल्लीभर वास. पितळेची भांडी मी दिवसभर गरम पाण्यानं घासत होते, नळ चालूच. साडेचारला अत्ते एका हातात चुन्याची वाटी, दुसऱ्या हातात कारल्याचा वेल घेऊन गच्चीवर निघाल्या. मी मागोमाग.

"कर रिकामी," अत्ते टाकीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"अत्ते, तापलेलं पाणी आहे की."

"कालचं-परवाचं पाणी. पहिल्या सणाला जावयाच्या अंगावर तेच घालतीस? भरायचा सण म्हणजे भरायचं. आणि तो माणूसच म्हणाला ना, वर्षातून एकदा धुवा? मग सणालाच धुवायची."

मला ते पटलं. दोष अत्तेंवर टाकणार नाही, मला मनापासून पटलं. टाकीला खरंखुरं सणाचं पाणी मिळणार म्हणून मला आनंदच झाला. हंड्याच्या घरात राहिलेल्या बाईचं डोकं असं चालतं. हंडा रिकामा केला, पुन्हा भरला, की आणखी जाळ घालायचा. सूर्यात आणखी जाळ घालता येत नाही आणि साडेचारनंतर तो आपल्यासाठी थांबत नाही, हे मला सुचलंच नाही. मी वरच्या टाकीकडून येणारा कॉक बंद केला आणि बुडाचा उघडला.

पाणी आलं ते गार. मी हात धरला, अत्तेंनी धरला. विहिरीसारखं गार. तेवढ्यात अण्णा काय चाललंय बघायला वर आले. त्यांनीही बोटं भिजवली. "हेच का तुमचं कढत पाणी?" त्यांनी आवाज चढवला नाही, ओल्या बोटांनी मिशी पुसली. "दिवसभराच्या उन्हाचं हे! निंगम्माकडून सरपण परत आण जा." आणि जिना उतरून खाली जावयाला सांगताना ऐकू आले, "जावईबापू, उद्या लोकरीचा सदरा काढून ठेवा."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. अत्ते म्हणाल्या, "वाहू दे सगळं, मग बघू." मी खाली येऊन कोडबळी तळायला बसले. दोन घाणे करपवले. शोभानं झारा हातातून काढून घेतला. तेवढ्यात मीना एका पायावर उड्या मारत आली. "आई, गच्चीवरचं पाणी चावतंय."

"काय?"

"चावतंय! पायाला!"

मी चिकपेटच्या रंगाऱ्याची मुलगी. बाबा रेशमाच्या लडी रंगवायचे. मोठ्या तांब्याच्या भांड्यात काठीवर लडी टांगलेल्या, आणि आम्ही मुली त्या फिरवत उभ्या. नवं पाणी कडेनं ओतलं की ते थेट तळाला जाऊन बसतं आणि गरम वरच राहतं. ढवळलं नाही तर लडीला वर एक रंग, खाली एक. बाबा ओरडायचे, "ढवळ गं, तळाला गारठा बसलाय!" किती वेळा काठी खाल्ली त्यापायी. आणि मी भांडी घासताना दिवसभर टाकीतलं वरचं पाणी घेतलं होतं, म्हणजे तेवढंच थंड खालून भरलं होतं! कॉक टाकीच्या बुडाशी. आधी येणार ते तळाचंच येणार.

जिना मी कसा चढले ते मला माहीत नाही. गच्चीवर वाफ होती. मोरीपर्यंत ओहोळ आणि त्यावर वाफ. कॉक बंद करताना बोटं भाजली आणि मला त्या भाजण्याचा इतका आनंद झाला, की मी मोठ्यानं हसले. मग लगेच रडू आलं, कारण अर्धीअधिक टाकी गेली असणार. आत किती उरलंय ते दिसत नव्हतं. अत्ते मोरीजवळ पदर तोंडाला लावून उभ्या. "मीच म्हटलं वाहू दे," त्या पुटपुटल्या. "आता?"

"आता भरायची, अत्ते. भरल्याशिवाय नळाला पाणीच येणार नाही, नळ वरचं घेतो. पण कॉक धाडकन सोडला तर सगळं ढवळलं जाईल आणि सातही जणांना कोमट मिळेल. थंड पाणी गुपचूप खाली शिरलं पाहिजे, वरच्याला कळता कामा नये."

अत्तेंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे दुधाची साय मोडायची नाही."

"हां! साय मोडायची नाही."

ढवळलं नाही म्हणून आयुष्यभर काठी खाल्ली, आणि तिथं मला काहीही करून न ढवळता पाणी भरायचं होतं! मी कॉक केसभर उघडला. पाइपातलं पाणी दिसत नाही, म्हणून कान लावला. आत बारीक सूं आवाज. आवाज वाढला की कॉक आवळायचा, बंद पडला की किंचित सैल. मी एका गुडघ्यावर बसून कान पाइपाला चिकटवलेला आणि अत्ते माझ्या डोक्यावरून टाकीला कारल्याचा वेल बांधतायत, पत्र्यावर चुन्याची बोटं ओढतायत, कुंकू माझ्या मानेवर सांडतंय. "हलू नकोस," मला म्हणतायत, जसं काही पूजा माझीच चाललीय. मान आखडली. चामराजपेटवर दिवे लागले, कुठं कुठं फटाका वाजला. मग पाइपातला आवाज हळूहळू बारीक होत थांबला. कॉक पूर्ण उघडला तरी आवाज नाही. टाकी भरली होती.

अण्णा आरतीला वर आले. "काठोकाठ?"

"काठोकाठ," अत्ते म्हणाल्या.

"गार काठोकाठ."

"सकाळी न्हाल तेव्हा कळेल." अत्तेंनी नवऱ्याला असं तोडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. नळ सोडून बघायचा मोह मी आवरला. एक तांब्यासुद्धा मोजका होता.

चौदसची पहाट. अत्तेंनी जावयाच्या टाळूवर तेल घातलं, ओवाळलं आणि त्याला आत पाठवलं. मी बच्चलच्या दाराला खेटून उभी. नळ सुटल्याचा आवाज, मग आतून, "अय्यय्यो! थंड पाणी पाठवा कोणीतरी!" मी शोभाला मिठीच मारली. पण जावईबापू बाहेर येईनात. आत गाणं सुरू झालं. बादलीवर बादली भरल्याचा आवाज येत होता आणि मी दाराबाहेर शिव्या गिळत होते. मग अण्णा. त्यांनी मुद्दाम चार बादल्या घेतल्या. बाहेर आले ते लाल होऊन, अंगातून वाफ निघतेय. "परीक्षा नीट घ्यायची असते," म्हणाले. मग शोभा, तिचे केस कमरेच्या खाली, शिकेकाई निघता निघेना. मीना अर्ध्या बादलीत उरकली. गोविंदला मी दारातच सांगितलं, "दीड बादली. जास्त घेतलीस तर घरात येऊ नकोस." मग अत्ते. आणि रीतीप्रमाणे शेवटी मी.

पहिला तांब्या गरम. दुसरा कोमट. तिसऱ्याला मी थांबले, कारण हातावरच कळलं. अंगभर तेल, केसांत शिकेकाई, आणि नळाला विहिरीचं पाणी. बाहेर अण्णा उभे असलेले ऐकू येत होते, ते घसा खाकरत होते. सात माणसं म्हणजे सातवी मी. मी बादली भरली आणि अंगावर घेतली, तोंडातून चकार शब्द न काढता, एकामागून एक. दात वाजू नयेत म्हणून टॉवेलचं टोक चावून धरलं. मग लुगडं गुंडाळून बाहेर आले.

"काय गं?" अण्णा म्हणाले.

"कढत," मी म्हटलं. "भाजलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. अत्ते पंचा घेऊन पुढं आल्या आणि माझी पाठ पुसायला लागल्या. त्यांचा हात मानेवर टेकला आणि तिथंच थांबला. माझ्या अंगावर काटा होता, तो त्यांच्या तळहाताला लागला नसेल असं होणंच शक्य नाही. मग त्या खसाखसा पुसायला लागल्या, कातडं निघेल अशा, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "इतकं कढत घेतात काय गं? बघा तरी, पाठ कशी लाल झालीय पोरीची!"

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. गोविंदलाही नाही. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलेलं नाही. सहा आंघोळी खऱ्या झाल्या होत्या, आणि टाकीनं काही चूक केली नव्हती. चूक आम्ही दोघींनी केली होती.

फराळ झाल्यावर अण्णांनी पहार आणली. चुना इतका जुना, की पहिले दोन घाव नुसते ठणकले. अत्ते म्हणाल्या, "सरका." त्यांनी पहार घेतली आणि चुलीच्या तोंडावर अशी घातली, की एक वीट निखळून थेट मोरीत गेली. चाळीस वर्षं त्यांनी ती फुंकली होती, माझ्या आधी. आम्ही सगळी काजळीनं काळी झालो, पहिल्या सणाचा जावईसुद्धा. विटा उचलताना अत्ते माझ्याजवळ वाकल्या आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "पुढच्या सणाला टाकी सकाळी रिकामी करायची. ऊन चढायच्या आत. ऐकलंस?"

दुसऱ्या दिवशी सवयीनं चारला जाग आली. बच्चलमध्ये जाऊन पाहिलं. कोपरा मोकळा होता, भिंतीवर हंड्याच्या आकाराचा गोल काळा डाग. परत येऊन झोपले. उठले तेव्हा सहा वाजून गेले होते, खिडकीत ऊन होतं, आणि अण्णा न्हाऊन, गंध लावून ओसरीवर बसले होते.